ढोलींचा दुष्काळ : लीडबीटर पोसमचा प्रकरण अभ्यास

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्न शहराच्या ईशान्येला सेंट्रल हायलँड्स नावाचा डोंगरपट्टा आहे. साधारण ८० किलोमीटर लांब आणि ६० किलोमीटर रुंद. झाडावर राहणारा, रात्री हिंडणारा आणि पिल्लू पोटावरच्या पिशवीत वाढवणारा लीडबीटर पोसम जवळजवळ एवढ्याच पट्ट्यात उरला आहे. आपल्याकडे शेकरू हा जसा राज्यप्राणी, तसा १९७१ पासून हा व्हिक्टोरियाचा. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारनं त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी केली.

या प्रकरणात शिकार नाही, विषप्रयोग नाही, बाहेरून आलेला रोग नाही. अडचण वेगळीच आहे. या प्राण्याला राहायला म्हातारं झाड लागतं आणि खायला तरणं, आणि दोन्ही एकाच दोन-तीन हेक्टरांत लागतात. १९३९ च्या वणव्यानं ही जुळणी योगायोगानं करून दिली होती, ती आता मोडते आहे. पुढे जे उपाय झाले ते कुठे लागू पडले आणि कुठे फसले, हे कळायला आधी या प्राण्याची रात्र आणि त्याचं घर नीट समजून घ्यायला हवं.

प्राणी आणि त्याचं कुटुंब

आकारानं तो आपल्या अंगणातल्या खारीएवढा. वजन १०० ते १६५ ग्रॅम, डोक्यापासून बुडापर्यंत १५ ते १७ सेंटीमीटर आणि शेपूट जवळपास तेवढीच. रंग राखाडी-तपकिरी, पाठीवरून एक गडद पट्टा, पोट फिकट. ओळखायची खूण म्हणजे शेपूट : बुडाशी बारीक आणि टोकाकडे रुंद होत गेलेली. त्याच्या जवळच्या भाऊबंदांना, म्हणजे शुगर ग्लायडरच्या गोताला, पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये कातड्याचा पडदा असतो आणि ते एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातात. लीडबीटरला तो पडदा नाही. त्याला फांदीवरून फांदीवर उड्या मारत, धावतच जावं लागतं. हा फरक छोटा वाटतो, पण अर्धं प्रकरण त्यातच आहे. मध्ये झाडांची सलग फळी नसेल तर हा प्राणी पलीकडे जाऊच शकत नाही.

तो एकटा राहत नाही. एका ढोलीत दोनपासून बारापर्यंत जणांची वसाहत असते. त्यात वीण करणारी जोडी एकच. बाकीचे त्यांची पिल्लं आणि एखाद-दुसरे बाहेरून आलेले नर. कारभार मादीचा. एक ते तीन हेक्टरांची हद्द ती राखते आणि दुसऱ्या मादीला, मग ती स्वतःची वयात आलेली लेक का असेना, टिकू देत नाही. मुली साधारण ७ ते १४ महिन्यांच्या झाल्या की बाहेर घालवल्या जातात. मुलगे त्या मानानं जास्त काळ घरात राहतात. बाहेर पडलेल्या मादीला नवी हद्द आणि नवी ढोली मिळाली नाही तर ती फार जगत नाही. पुढे संरक्षित वर्तुळं आखताना ही गोष्ट पुरेशी धरली गेली नाही, म्हणून ती इथेच लक्षात ठेवावी.

पिल्लं एका वेळी एक किंवा दोन. गर्भावस्था तीन आठवड्यांच्या आतली, त्यानंतर पिशवीत जवळपास तीन महिने आणि मग आणखी काही आठवडे घरट्यात. वर्षातून दोनदा वीण होते, ऑस्ट्रेलियातल्या हिवाळ्याच्या तोंडावर आणि वसंतात. म्हणजे वाढीचा वेग कमी आहे. वसाहत एकदा संपली की शेजारून भरून निघायला वेळ लागतो, आणि त्यासाठी मुळात शेजारी वसाहत असावी लागते.

दिवसभर सगळे एकाच घरट्यात गोळा होऊन झोपतात. घरटं म्हणजे ढोलीच्या आत सालीचे बारीक धागे भरून केलेला गोळा. या डोंगरांत हिवाळ्यात बर्फ पडतं. शंभर-दीडशे ग्रॅमच्या अंगात उष्णता फार वेळ टिकत नाही. जाड लाकडाच्या भिंती, सालीचं अस्तर आणि एकमेकांची ऊब या तिन्हींवर तो थंडी काढतो. यातलं एक जरी कमी पडलं तरी रात्री खाल्लेलं दिवसा अंग गरम ठेवण्यातच संपतं.

रात्रीचं काम

अंधार पडला की वसाहतीतले प्राणी एकामागून एक ढोलीच्या तोंडातून बाहेर पडतात आणि क्षणात पांगतात. जाण्याचं मुख्य ठिकाण म्हणजे वॉटल. ही बाभळीच्या गोतातली झाडं. कोकणात आणि गोव्यात सामाजिक वनीकरणात लावलेली ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ याच कुळातली, पण लीडबीटरच्या जंगलातल्या जाती वेगळ्या. त्यातली मोठी म्हणजे सिल्व्हर वॉटल. पोसम खालच्या पुढच्या दातांनी तिच्या सालीला खाच पाडतो. जखमेतून डिंक पाझरतो. त्याच खाचेवर तो पुनःपुन्हा येतो, डिंक चाटतो, खाच सुकत आली तर पुन्हा उकरतो. त्याला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ८० टक्क्यांपर्यंतचा वाटा असल्या झाडांच्या स्रावांतून येतो.

डिंकात साखर आहे, प्रथिनं जवळजवळ नाहीत. ती येतात किड्यांतून. तिथल्या उंच निलगिरीवर्गीय झाडांची साल लांब पट्ट्यांनी सुटते आणि फांद्यांच्या बेचक्यांत लोंबत राहते. त्या पट्ट्यांच्या मागे रातकिड्यांसारखे कीटक, भुंगे, पतंग, कोळी दडलेले असतात. पोसम पट्टा उचकटतो, मागचं खातो आणि पुढच्या पट्ट्याकडे जातो. त्यामुळे नुसतं वॉटलचं रान असून चालत नाही. डोक्यावर मोठ्या झाडांची साल लोंबायला हवी आणि दोन्ही थर एकमेकांना टेकलेले हवेत. घुबडांपासून जीव वाचवायलाही हीच दाटी उपयोगी पडते. रानमांजरांचा, म्हणजे माणसाळलेल्यांतून रानटी झालेल्या मांजरांचा, त्रास आहे तो वेगळाच.

ढोली कशी होते, आणि किती वर्षांत

आपल्याकडे सुतार पक्षी आणि तांबट झाडाला भोक पाडतात आणि ते सोडून गेले की मैना, पोपट, पिंगळे त्यात राहायला येतात. ऑस्ट्रेलियात सुतार पक्षी नाही, एकही जात नाही. तिथे ढोली होते ती फक्त वयानं. फांदी मोडते किंवा आगीनं बुंधा भाजतो, जखमेतून बुरशी शिरते, आतला गाभा कुजत जातो आणि काही दशकांनी पोकळी तयार होते.

इथलं मुख्य झाड म्हणजे माउंटन ॲश, आपल्या ओळखीच्या निलगिरीचं नातलग. फुलं येणाऱ्या वनस्पतींमधलं हे जगातलं सर्वांत उंच झाड. टास्मानियातलं एक १०० मीटर उंचीपर्यंत गेलं आहे. वयाच्या १२० वर्षांआधी त्याला प्राण्याच्या कामाची ढोली होत नाही. लीडबीटरला हवी तशी, म्हणजे आत वसाहतीचं घरटं मावेल एवढी ऐसपैस पण तोंडाला अरुंद, ती बहुतेक १९० वर्षांच्या पुढच्या झाडातच मिळते. शिवाय एका वसाहतीला एक झाड पुरत नाही. ती ढोली बदलत राहते, त्यामुळे हद्दीत अशी अनेक झाडं लागतात. त्याच झाडांवर बोबक नावाचा तीन-चार किलोंचा पोसम आणि ग्रेटर ग्लायडर यांचाही डोळा असतो. या जंगलात ढोलीवर अवलंबून असलेले कणाधारी प्राणी आणि पक्षी मिळून सुमारे ४० जाती आहेत.

माउंटन ॲशचा दुसरा स्वभाव म्हणजे आगीपुढे हार. बहुतेक निलगिरी जळल्या तरी बुंध्यातून फुटतात. हे झाड जोरदार वणव्यात मरतं. शेंड्यावरच्या बोंडांतलं बी राखेवर पडतं आणि नवं जंगल एकदम, एकाच वयाचं उगवतं. नव्या झाडांना पुरेसं बी धरायला १५ ते २० वर्षं लागतात. त्याआधी दुसरी आग आली तर बी नसतं आणि ॲशचं जंगल त्या जागेवरून संपतं.

१९३९ चा योगायोग

हा पोसम १८६७ मध्ये शास्त्राला माहीत झाला. मेलबर्नच्या संग्रहालयाचे संचालक फ्रेडरिक मॅकॉय यांनी त्याचं वर्णन केलं आणि तिथे प्राण्यांत पेंढा भरण्याचं काम करणारे जॉन लीडबीटर यांचं नाव त्याला दिलं. १९०९ पर्यंत मोजून पाच नमुने मिळाले, नंतर काहीच नाही. तो नामशेष झाला असं धरलं गेलं. ३ एप्रिल १९६१ रोजी एरिक विल्किन्सन यांना मेरीसव्हिलजवळच्या जंगलात तो पुन्हा दिसला.

तो तेव्हा दिसला आणि पुढच्या वीसेक वर्षांत बऱ्याच ठिकाणी दिसत गेला, याचं कारण १३ जानेवारी १९३९ च्या वणव्यात आहे. ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या आगीत ७१ माणसं गेली आणि सेंट्रल हायलँड्समधलं बहुतेक ॲशचं जंगल जळालं. जुनी, ढोली असलेली प्रचंड झाडं मेली पण उभी राहिली. त्यांच्या पायाशी वॉटलचं रान माजलं, कारण वॉटलचं बी जमिनीत दशकानुदशकं पडून असतं आणि आगीच्या उष्णतेनं फुटतं. वठलेल्या झाडांत घर आणि सभोवती डिंक. लीडबीटरसाठी याहून सोयीचं जंगल नसावं.

पण या जुळणीला मुदत होती. वठलेलं झाड कायम उभं राहत नाही. आधी शेंडा जातो, मग फांद्या, मग बुंधा वरून खचत येतो आणि एक दिवस मुळापाशी मोडतो. वॉटलही काही दशकांनी म्हातारी होऊन विरळ होते. आणि १९३९ नंतर उगवलेली ॲशची झाडं १२० वर्षांची होणार २०५९ मध्ये आणि १९० वर्षांची होणार २१२९ मध्ये. जुनी पडून संपणार आणि नवी तयार होणार यांच्यामधली दशकं ढोलीवाचून काढायची आहेत. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले डेव्हिड लिंडेनमायर यांनी १९८३ पासून या जंगलात झाडं आणि प्राणी दोन्ही मोजले आहेत. पुढे ढोल्यांचा तुटवडा पडणार हे त्या कामातून फार आधीच दिसत होतं.

खरं जुनं जंगल, जिथे सगळ्या वयांची झाडं मिसळलेली असतात आणि घर-अन्नाची सोय आपोआप चालू राहते, ते माउंटन ॲशच्या एकूण क्षेत्रात एक-दीड टक्क्याच्या आसपासच उरलं आहे. त्यातला बराचसा भाग मेलबर्नला पाणी पुरवणाऱ्या बंद पाणलोट क्षेत्रांत आहे, कारण तिथे तोड झाली नाही.

तोडीचं आवर्तन

१९३९ नंतरचं जंगल लाकडासाठी आणि कागदाच्या लगद्यासाठी तोडलं गेलं. पद्धत सरसकट तोडीची. कूप, म्हणजे एका वेळी तोडायचा जंगलाचा तुकडा, ४० हेक्टरांपर्यंत. कामाचं लाकूड काढून झालं की उरलेल्या फांद्या आणि पालापाचोळा मुद्दाम पेटवायचा, राखेवर ॲशचं बी टाकायचं आणि साधारण ८० वर्षांनी पुन्हा तोडायचं. लाकडाच्या हिशेबात हे बसतं. ढोलीच्या हिशेबात अजिबात बसत नाही : १२० वर्षांआधी ढोली नाही आणि झाड ८० व्या वर्षी खाली, म्हणजे त्या कुपात ढोली कधीच होणार नाही. ४० हेक्टर म्हणजे डझनभर वसाहतींची हद्द.

कुपात काही जुनी झाडं राखून ठेवायचा नियम होता. कागदावर तो बरा दिसे. प्रत्यक्षात आजूबाजूचा आधार गेल्यावर एकाकी उभं झाड वाऱ्यानं पडतं आणि पालापाचोळा जाळताना लागलेली धग वठलेल्या बुंध्याला पेटवते. उरलंच तर त्याच्याभोवती वॉटल नाही, आणि न तरंगणाऱ्या प्राण्याला तिथवर जायला वाटही नाही.

अधिवास राखायचे निकष मात्र अभ्यासून ठरवले होते. तीन हेक्टरांत ढोली असलेली दहाहून जास्त जिवंत झाडं असतील तर तो भाग कायम तोडीबाहेर. याला विभाग १अ म्हणत. जिवंत झाडांऐवजी दहाहून जास्त वठलेली ढोलीची झाडं असतील आणि सोबत वॉटलच्या खोडांचं एकूण छेदक्षेत्र, म्हणजे खोडं आडवी कापली तर दिसेल ते क्षेत्र, हेक्टरी ५ चौरस मीटरच्या वर असेल, तर तो विभाग १ब. पण १ब चं संरक्षण ती स्थिती टिकेपर्यंतच होतं. झाडं पडली, वॉटल विरळ झाली की तो भाग पुन्हा तोडीला मोकळा. पोसमला जिथे आधाराची सर्वांत जास्त गरज पडणार, नेमक्या त्या क्षणी नियम हात काढून घेत होता. आमच्या मते या प्रकरणातली ही सर्वांत महागात पडलेली तरतूद.

७ फेब्रुवारी २००९

‘ब्लॅक सॅटर्डे’च्या आगीत १७३ माणसं मेली. मेरीसव्हिल गाव जवळजवळ पुसलं गेलं. लीडबीटरसाठी राखून ठेवलेल्या अधिवासापैकी ४० टक्क्यांहून जास्त भाग जळाला. लेक माउंटन हा बर्फाळ माथा आधी या पोसमच्या चांगल्या ठिकाणांपैकी एक होता. आगीनंतर तिथे बोटांवर मोजण्याइतकेच सापडले. मध्यम तीव्रतेनं जळालेल्या जागांतही तो पुढची काही वर्षं दिसला नाही.

वरवर पाहता २००९ नं १९३९ सारखीच सोय करायला हवी होती. तसं झालं नाही. १९३९ मध्ये आग लागली तेव्हा जंगलात दोन-तीनशे वर्षांची झाडं भरपूर होती, त्यामुळे मेल्यावरही त्यांत ढोल्या होत्या. २००९ मध्ये जळालेली बहुतेक झाडं सत्तर वर्षांची होती. ती वठून उभी राहिली तरी आत पोकळी नाही. आणि ज्या मोजक्या जुन्या वठलेल्या बुंध्यांत वसाहती होत्या, ते कोरडे असल्यानं आधी पेटले. वॉटल पुन्हा माजली, पण घराशिवाय.

उपाय, आणि प्रत्येकाची मर्यादा

पहिला उपाय, वर्तुळं. राज्य सरकारच्या सल्लागार गटाच्या शिफारशींनंतर २०१४ पासून सापडलेल्या प्रत्येक वसाहतीभोवती २०० मीटर त्रिज्येचं तोडबंद वर्तुळ आखलं जाऊ लागलं. क्षेत्र साडेबारा हेक्टर. आज तिथे राहणाऱ्या वसाहतीला ते पुरतं. हाकलून दिलेल्या लेकीला पुरत नाही. वर्तुळाबाहेर कूप पडला असेल तर तिला जायला जागा नाही, आणि वर्तुळातली ढोली पडली तर आईलाही नाही.

पण या नियमानं एक मोठी गोष्ट घडली : लोक शोधायला बाहेर पडले. शोधायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. जुनी म्हणजे वठलेल्या झाडावर पहारा. दिवसा ढोलीची झाडं हेरून ठेवायची. सूर्यास्ताआधी प्रत्येक झाडाखाली एक माणूस, आकाशाच्या उजेडावर झाडाची आकृती दिसेल अशा बाजूला बसवायचा. विजेरी लावायची नाही, बोलायचं नाही आणि पूर्ण अंधार पडेपर्यंत ढोलीच्या तोंडावरून नजर हलवायची नाही. बाहेर पडणारा प्राणी तरंगत गेला तर तो ग्लायडर. धावत किंवा उडी मारत गेला, लहान असला आणि शेपूट टोकाला रुंद दिसली तर लीडबीटर. एकट्यानं चार झाडं बघायला गेलं की हमखास चुकतं, कारण बाहेर पडणं दोन-चार सेकंदांचं असतं. दुसरी पद्धत कॅमेरा ट्रॅपची. दोर लावून झाडावर चढणारे कुशल कामगार वॉटलच्या थराच्या उंचीला कॅमेरा बांधतात, समोर मधाचं आमिष ठेवतात आणि काही आठवडे तसंच सोडतात. कॅमेरा जमिनीजवळ लावला तर हाती बहुधा उंदीरच लागतात. हा प्राणी खाली फारसा उतरत नाही. पुढे उष्णता टिपणारे थर्मल कॅमेरेही आले.

या शोधांतून शेकडो नव्या वसाहती नोंदल्या गेल्या. लगेच मागणी झाली की एवढे सापडताहेत तर धोक्याची पातळी खाली आणा. केंद्राच्या शास्त्रीय समितीनं २०१९ मध्ये ती खाली आणली नाही, आणि ते योग्यच होतं. वसाहतींची संख्या आजचं सांगते. पुढची पन्नास वर्षं ढोल्यांच्या संख्येवर ठरणार आहेत, आणि ती घटतेच आहे.

दुसरा उपाय, लाकडी पेट्या. लेक माउंटनच्या बर्फाळ माथ्यावर आणि येलिंगबोच्या दलदलीत पेट्या पोसमनं चांगल्या वापरल्या. उंच ॲशच्या जंगलात त्याच पेट्या दीर्घ काळ तपासल्या तेव्हा वापर फार कमी निघाला आणि मोडतोड फार. बिघडतं ते असं. पातळ फळीची पेटी दुपारी तापते आणि पहाटे गारठते, कारण बुंध्याच्या जाड लाकडासारखी ती उष्णता धरत नाही. तरणं ॲशचं झाड भराभर जाडावतं आणि पक्के ठोकलेले खिळे किंवा आवळलेली पट्टी त्या वाढीनं निखळते. टांगणी सैल होत जाणारी नसेल तर पेटी काही वर्षांत खाली. झाकण वाकून पाणी शिरतं. युरोपातून आणलेल्या मधमाश्या आत पोळं करतात. दहाएक वर्षांत पेटी संपते आणि दरी तर अनेक दशकांची आहे. म्हणजे त्याच झाडावर पाच-सहा वेळा, वीस मीटरवर चढून नवी पेटी बांधायची. छोट्या, बंदिस्त जागेत हे निभतं. डोंगरभर निभत नाही.

तिसरा उपाय, करवतीनं कोरलेली ढोली. हा त्यातल्या त्यात आशा ठेवावी असा. कामाचा क्रम असा : पुरेशा जाडीचं, निरोगी, भोवती वॉटल असलेलं जिवंत झाड निवडायचं. दोरावर चढून सालीसकट एक पाटी कापून बाजूला ठेवायची. करवतीचं टोक आत घालत मागच्या लाकडात पोकळी कोरायची. पाटीला पोसम शिरेल पण बोबक शिरणार नाही एवढंच तोंड पाडायचं आणि पाटी स्क्रूनं परत बसवायची. झाड जिवंत असल्यानं काही काळात कडा भरून येतात आणि भिंत सलग होते. आतलं तापमान पेटीपेक्षा बरंच स्थिर राहतं. सेंट्रल हायलँड्समध्ये अशा ढोल्या केल्यावर थोड्याच महिन्यांत पोसम आत सालीचे धागे ओढून नेताना कॅमेऱ्यात दिसले.

चुका इथेही होतात. पोकळी बुंध्याच्या जाडीच्या मानानं मोठी कोरली तर वादळात झाड तिथेच मोडतं. भरून येणारं लाकूड हळूहळू तोंडच बुजवतं, म्हणून ठरावीक काळानं चढून ते पुन्हा मोकळं करावं लागतं. पाटीची फट वरच्या बाजूला राहिली तर पावसाचं पाणी आत उतरतं आणि ओलं घरटं थंडीत रिकाम्या ढोलीपेक्षाही वाईट. आणि वॉटल नसलेल्या जागी केलेली ढोली, कितीही नेटकी असली तरी, रिकामीच राहते.

येलिंगबो

प्रकरणाचा एक वेगळा तुकडा डोंगराखाली आहे. येलिंगबोच्या दलदलीत १९८६ मध्ये सखल भागातली एक स्वतंत्र संख्या सापडली, जनुकीयदृष्ट्या डोंगरातल्या पोसमपासून वेगळी. पाण्याचे प्रवाह बदलल्यानं तिथली स्वॅम्प गम झाडं वाळत गेली आणि शंभरावर असलेली संख्या चाळीसच्या आत आली. २०१२ पासून हील्सव्हिल सँक्च्युअरी या प्राणिउद्यानात त्यांची वीण करून पाहिली. कमी संख्येमुळे जवळच्या नात्यांत वीण होऊन जोम घटला आहे, हे संशोधनातून दिसलं. म्हणून डोंगरातल्या प्राण्यांशी संकर घडवून जोम परत आणायचा मार्ग पुढे आला. वेगळेपण थोडं पातळ होईल, पण वेगळेपण शुद्ध राखता राखता संख्या शून्यावर नेण्यापेक्षा ते बरं, असंच आम्हांला वाटतं.

तोड थांबल्यावर

‘फ्रेंड्स ऑफ लीडबीटर्स पोसम’ या गटानं राज्याच्या लाकूड महामंडळाविरुद्ध, व्हिकफॉरेस्ट्सविरुद्ध, खटला भरला. मे २०२० मध्ये ६६ कुपांबाबत निकाल गटाच्या बाजूनं लागला. २०२१ मध्ये अपिलात तो उलटला, तोही केंद्र आणि राज्य यांच्यातल्या प्रादेशिक वन-करारामुळे केंद्राच्या पर्यावरण कायद्यातून मिळणारी सूट लागू होते का, या कायद्याच्या मुद्द्यावर. तोड शेवटी थांबली ती सरकारी निर्णयानं : २०३० ची मुदत अलीकडे ओढून १ जानेवारी २०२४ पासून व्हिक्टोरियातल्या सरकारी जंगलांतली व्यापारी तोड बंद झाली.

यानं १९३९ च्या झाडांना म्हातारं व्हायची मुभा मिळाली. २०५९ पर्यंतची सोय मात्र अजून करायचीच आहे. वठलेली झाडं उद्याही पडणार आहेत, त्यामुळे कोरलेल्या ढोल्या त्या पडायच्या आधी, चालू वसाहतीच्या हद्दीत आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या हद्दीत करायला हव्यात. शेजारच्या हद्दीत अशासाठी, की लेकी तिकडेच जाणार. वसाहत संपल्यावर केलेल्या ढोलीत यायला कुणी उरत नाही.

सह्याद्रीत ढोलीवर जगणारे धनेश आणि रात्री तरंगणारी मोठी उडणारी खार यांचाही हिशेब हाच आहे. देवराईतलं एक पोकळ जुनं झाड ‘वठलंय’ म्हणून तोडलं तर शेजारी लावलेली शंभर रोपं ती जागा आपल्या हयातीत भरत नाहीत. वनविभागानं आणि गावांनी देवराईतली वठलेली झाडं मोजून, खुणा करून राखणं हे कमी खर्चाचं काम आहे. सुतार पक्षी असल्यानं लहान भोकं आपल्याकडे लवकर होतात एवढी सवलत आहे. धनेशाला लागते तेवढी मोठी ढोली मात्र इथेही मोठ्या, जुन्या झाडातच मिळते.

व्हिक्टोरियात आता मुख्य काळजी आगीची. २००९ नंतर उगवलेली ॲश अजून पुरेसं बी धरायच्या बेतालाच आहे. तिथे पुन्हा आग शिरली तर बी हातानं पुरवावं लागेल. जळालेल्या ॲशच्या जंगलांवर हेलिकॉप्टरमधून बी टाकण्याचं काम व्हिक्टोरियात याआधी झालेलं आहे. त्यासाठी बी आधी जमवून ठेवावं लागतं, आणि ॲशला दर वर्षी भरपूर बोंडं येत नाहीत. चांगल्या वर्षी चढून बी काढायचं, वाळवायचं, गोदामात ठेवायचं आणि त्याचा साठा एका वणव्याच्या नव्हे, लागोपाठच्या दोन वणव्यांच्या हिशेबानं धरायचा.